अक्षरांचा संसार कोण सांभाळतो? गिरगावच्या खिळ्यांपासून युनिकोडपर्यंत

#थ्रेड #मुंबईचाइतिहास #मुद्रणकला

१/ १८८०च्या दशकात मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यात छापलेले पुस्तक आज हाती आले, तर ते सहज वाचता येते. मात्र १९९५च्या सुमारास गिरगावातल्या किंवा दादरमधल्या एखाद्या डीटीपी केंद्रात जुळवलेल्या मराठी पुस्तकाची फाइल आजच्या संगणकावर उघडली, तर बहुधा इंग्रजी अक्षरे आणि अनोळखी चिन्हे यांचा खच समोर येतो. पहिली वस्तू सुमारे एकशे चाळीस वर्षे टिकली, दुसरी तीस वर्षांत मुकी झाली. असे का घडले, याचे उत्तर मुंबईच्या मुद्रण-इतिहासात सापडते.

२/ आजचे कोणतेही सॉफ्टवेअर एकटे उभे नसते. फोनवर एक मराठी वाक्य दिसण्यासाठी संकेतप्रणाली, फॉन्ट, अक्षरे जोडणारा आज्ञावलीसंच, कार्यप्रणाली आणि हे सारे दुरुस्त ठेवणारी माणसे लागतात. परस्परावलंबी घटकांच्या या समूहाला 'सॉफ्टवेअर परिसंस्था' म्हणतात. असा समूह पुढील वीस-तीस वर्षे टिकेल का, हे पारखण्याचे शास्त्र अलीकडचे आहे. प्रश्न मात्र जुना आहे.

३/ परळ-लालबागला हा प्रश्न वेगळ्या रूपात ठाऊक आहे. गिरणी म्हणजे केवळ माग आणि चाती नव्हेत. खानावळी, चाळी, दुरुस्तीची दुकाने आणि पेढ्या हे सारे तिच्याभोवती उभे होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. पुढे एकामागून एक गिरण्या बंद पडल्या, तेव्हा गिरणीत कधी पाऊलही न ठेवलेल्यांची रोजी बुडाली. परिसंस्थेचा पहिला धडा असा की, आधार निखळल्यावरच तो आधार होता हे कळते.

४/ आता अक्षरांकडे. मराठी भाषेची छपाई मुंबईत सुरू झाली नाही. बंगालमधील श्रीरामपूर येथे १८०५ साली विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण छापले गेले. तेथील खिळे पंचानन कर्मकार या कारागिराच्या परंपरेतले. पंचाननांनी ही विद्या आपले जावई मनोहर यांना दिली. म्हणून पंचाननांनंतरही श्रीरामपूरची अक्षरे थांबली नाहीत. विद्या दुसऱ्या हातात वेळेवर गेली, हे त्या कारखान्याच्या दीर्घायुष्याचे एक साधे कारण होय.

५/ मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्याने १८१७ साली मराठी पुस्तिका छापली, पण त्यासाठीचे खिळे कलकत्त्याहून आणावे लागले. खिळा झिजला, मोडला, एखादे जोडाक्षर कमी पडले की मदार दूरच्या शहरावर. आजच्या भाषेत याला 'परावलंबन' म्हणतात. ज्या घटकाशिवाय काम चालत नाही, तो घटक दुसऱ्याच्या ताब्यात असतो आणि त्याच्या दुरुस्तीचा मार्ग आपल्या हाती नसतो.

६/ हे परावलंबन मिशनच्या छापखान्यातल्या टॉमस ग्रॅहम या कारागिराने तोडले. १८३०च्या दशकात त्याने मुंबईतच मराठी आणि गुजराती अक्षरांचे ठसे कोरण्यास आरंभ केला. अक्षरे लहान आणि सुबक झाली, एका पानावर अधिक मजकूर मावू लागला आणि पुस्तके स्वस्त होण्याची वाट मोकळी झाली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, अक्षर घडवण्याची विद्या मुंबईच्या मातीत रुजली.

७/ याच छापखान्यात काम केलेले गणपत कृष्णाजी हे मुंबईच्या देशी मुद्रणाचे आद्य पुरुष. यंत्र स्वतः उभे केले, शाईचे प्रयोग स्वतः केले, १८३१ साली शिळाछापावर पंचांग काढले आणि पुढे खिळेही स्वतः पाडले. गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३च्या 'मुंबईचे वर्णन' या ग्रंथात त्यांच्या उद्योगाची नोंद घेतली आहे. पराक्रम थोरच. पण यंत्र, शाई, खिळे आणि विक्री ही सारी साखळी एकाच माणसाभोवती गुंफलेली असणे, हीच अशा उद्योगाची नाजूक जागा असते.

८/ आता जावजी दादाजी चौधरी. जन्म १८३९चा, घरची गरिबी. लहान वयातच ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामाला लागले. पगार दरमहा दोन रुपये. तेथून टाइम्स ऑफ इंडिया, मग इंदुप्रकाशचा छापखाना. मिशनचा छापखाना पुढे राहिला नाही, तेथे शिकलेला मुलगा मात्र विद्या घेऊन बाहेर पडला होता. संस्था संपली, तरी तिचे ज्ञान माणसांच्या हातांतून पुढे चालत राहते. मात्र त्यासाठी कोणीतरी ते आधी शिकून घेतलेले असावे लागते.

९/ या विद्येचे स्वरूप असे होते. पोलादी दांडीच्या टोकाला अक्षर उलटे कोरायचे, हा ठसा. तो तांब्यावर ठोकून उमटवायचा, ही मातृका. मातृका साच्यात बसवून शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा वितळलेला रस ओतायचा, की खिळा तयार. खिळे छपाईत झिजतात. ते पुन्हा वितळवून नवे पाडता येतात, मातृका बिघडली तर ठशावरून नवी करता येते. मूळ ठसा आणि तो कोरणारा हात मात्र जपावाच लागतो. सॉफ्टवेअरमध्ये मूळ आज्ञावलीचे स्थान नेमके ठशाचे आहे.

१०/ जावजींनी १८६४ साली टाइप फाउंड्री काढली. ठसे कोरणारे त्यांचे सहकारी राणोजी रावजी आरू. १८६९ साली निर्णयसागर छापखाना उभा राहिला. काळबादेवीजवळच्या कोलभाट गल्लीतून निघणारी ही अक्षरे देशभर 'निर्णयसागर टाइप' म्हणून ओळखली गेली. देवनागरीत मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे धरून शेकडो निरनिराळे खिळे लागतात. त्या सर्वांची जाडी, उंची आणि वळण एकमेकांशी जुळवून ठेवणे, हे जावजी-राणोजी जोडीचे खरे कर्तृत्व.

११/ येथे पैशाचा प्रश्न येतो, कारण नुसत्या कौशल्यावर कारखाना चालत नाही. निर्णयसागरच्या उत्पन्नाला एकाहून अधिक झरे होते. फाउंड्री इतर छापखान्यांना खिळे विकत असे. छापखाना बाहेरची कामे घेई. पुस्तकांची विक्री वेगळी. या पायावर संस्कृत ग्रंथांच्या शुद्ध आवृत्त्यांसारखे दीर्घकाळ फळणारे काम उभे राहिले. 'काव्यमाला' ही मालिका त्यांपैकीच. एक झरा आटला तर दुसरा चालू राहतो, हे टिकाऊपणाचे दुसरे लक्षण.

१२/ जावजींचे १८९२ साली निधन झाले, पण खिळे थांबले नाहीत. पुढील काळातील ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर तुकाराम जावजी, पांडुरंग जावजी ही नावे दिसतात. मुद्रणाचा व्यवसाय आसपासच्या वस्तीतही पसरला. गायवाडीत गुजराती टाइप फाउंड्री, खटाववाडीत मौज प्रिंटिंग ब्युरो. जुळारी एका छापखान्यातून दुसऱ्यात जात, प्रुफे तपासणारे शास्त्री दोन ठिकाणी काम करत, खिळे विकत मिळत. एखादे दुकान बंद पडले, तरी विद्या गल्लीत शिल्लक राहत होती.

१३/ याच काळात दुसरी एक लिपी मागे पडत होती. कॅरी यांचा १८१० सालचा मराठी कोश मोडी टाइपात छापला गेला होता. पुढे मात्र छापील मराठीने बालबोध स्वीकारली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी दैनंदिन व्यवहारातून गेली. दप्तरे शिल्लक आहेत, कागद शिल्लक आहेत, शाईही शिल्लक आहे. वाचणारे थोडे उरले. मजकूर नष्ट होण्यासाठी आग किंवा वाळवीच लागते असे नाही. वाचण्याची साखळी तुटली तरी पुरते. मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले ते थेट २०१४ साली.

१४/ खिळ्यांची संख्या कमी व्हावी, यंत्राला देवनागरी सोपी जावी, हा विचार लोकमान्य टिळकांपासून अनेकांनी केला. शासकीय मुद्रणखात्यात काम केलेले बापूराव नाईक यांनी या साऱ्या खटपटींचा साक्षेपी अभ्यास 'टायपोग्राफी ऑफ देवनागरी' या ग्रंथात मांडला. भाषा संचालनालयाने तो १९७१ साली मुंबईत प्रसिद्ध केला. एखादी परिसंस्था स्वतःची कागदोपत्री नोंद ठेवू लागते, तेव्हा तिचे आयुष्य वाढते. खिळे वितळले, तरी त्यांचे माप आणि वळण ग्रंथात उरले.

१५/ पुढच्या दोन दशकांत ऑफसेट आणि संगणक आले. खिळे भंगारात गेले, जुळाऱ्यांच्या जागी डीटीपी ऑपरेटर बसले. गिरगाव-दादरच्या छोट्या खोल्यांतून पेजमेकर आणि मराठी फॉन्ट यांच्या साहाय्याने पत्रिका, दिवाळी अंक आणि कादंबऱ्या जुळू लागल्या. वेग वाढला, खर्च उतरला, लहान प्रकाशकालाही सुबक पान परवडू लागले. त्या क्षणी हा बदल निखळ प्रगतीचाच वाटावा असा होता.

१६/ दोष पोटात होता. त्या काळचे बहुतेक मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवत. संगणकाच्या लेखी मजकूर इंग्रजीच राही, डोळ्यांना तो मराठी दिसे. शिवाय कोणत्या जागी कोणता आकार ठेवायचा, हे प्रत्येक उत्पादकाने आपापल्या परीने ठरवले. एका फॉन्टमधील मजकूर दुसऱ्यात टाकला की अर्थहीन होई. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ सालची. कार्यक्रम गेला, फॉन्ट गेला, की फाइल जागेवर असूनही वाचता येत नाही. थ्रेडच्या आरंभीच्या कोड्याचे उत्तर हेच.

१७/ यावर उपाय होता सामायिक संकेताचा. भारतीय लिपींसाठी 'इस्की' हा संकेत १९८८ साली आकाराला आला आणि १९९१ साली त्याला भारतीय मानकाचे रूप मिळाले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी १९८८च्या इस्कीवर आधारलेली होती. आता 'क' या अक्षराला जगभर एकच क्रमांक मिळाला. त्याचा आकार कोणत्याही फॉन्टने काढावा, त्याची ओळख बदलत नाही. मजकूर आणि आकार यांची फारकत झाली, ती या इतिहासातील सर्वांत मोठी घटना.

१८/ क्रमांक मिळाला, आता आकार हवा. विंडोज २०००सोबत आलेला 'मंगल' हा युनिकोड फॉन्ट सुलेखनकार र. कृ. जोशी यांचा. जाहिरात-कलेत नाव मिळवून, पवईच्या आयआयटीत शिकवून ते मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात आले. बोरू आणि पोलादी ठसा यांचे वळण जाणणारा माणूस संगणकाच्या अक्षराकडे वळला, हा योग मराठीला लाभला. असंख्य कार्यालयांतील पहिले युनिकोड पान मंगलमध्येच उमटले. जोशी २००८ साली निवर्तले.

१९/ तरीही मराठीचे सगळे प्रश्न सुटले नव्हते. 'दुसऱ्या' या शब्दातील ऱ्य दोन वेगळ्या संकेतक्रमांनी लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात, शोधयंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात. 'ॲप' मधल्या ॲ या अक्षराला स्वतंत्र क्रमांक २००८ साली मिळाला. मराठी वळणाचे ल आणि श कोणते, हे महाराष्ट्र शासनाने २००९च्या निर्णयाने ठरवून दिले. मानक एकदा केले की संपले, असे नसते. भाषेच्या गरजा सांगणारी माणसे सतत त्याच्या मागे लागतात.

२०/ पुढचा टप्पा मालकीचा. जुना फॉन्ट बिघडला तर तो फक्त त्याच्या उत्पादकालाच दुरुस्त करता येई. मुक्त परवान्याने हे बदलले. मुंबईतील 'एक टाइप' या गटाने 'मुक्त', 'बलू', 'मोदक' यांसारखे देवनागरी फॉन्ट मुक्त परवान्याखाली दिले. असा फॉन्ट कोणीही वापरावा, अभ्यासावा, सुधारावा. मूळ गट उद्या दुसऱ्या कामात गुंतला, तरी ठसा सर्वांसमोर असतो. निर्णयसागरच्या काळात ठसा कुलपात ठेवणे हाच व्यवसायाचा प्राण होता. येथे तो उघडा ठेवणे हीच टिकण्याची हमी ठरते.

२१/ पण फॉन्टच्याही खाली एक थर आहे. क् आणि ष जोडून क्ष करणे, रफार योग्य अक्षराच्या डोक्यावर नेणे, ऱ्हस्व वेलांटी आधी काढणे ही जुळाऱ्याची कामे आज 'हार्फबझ' नावाचा मुक्त आज्ञावलीसंच करतो. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड, लिबरऑफिस हे सारे त्याच्यावर विसंबतात. नावाचा उगम फारसी शब्दांत आहे. त्यातला 'हर्फ' म्हणजे अक्षर, तोच मराठीतला 'हरफ'. कोट्यवधी लोकांच्या वाचनाचा हा जुळारी, पण त्याचे मुख्य काम दीर्घकाळ मोजक्याच माणसांनी केले.

२२/ मोजक्या माणसांवरचा हा भार किती धोक्याचा असतो, हे जगाने दोनदा पाहिले. इंटरनेटवरील गुप्तता राखणाऱ्या 'ओपनएसएसएल'मधील मोठा दोष एप्रिल २०१४ मध्ये उघड झाला, तेव्हा त्या प्रकल्पावर पूर्णवेळ काम करणारा एकच प्रोग्रामर होता. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या संचात लपवलेले चोरदार सापडले. एकट्या स्वयंसेवकाने सांभाळलेल्या प्रकल्पात कोणीतरी मदतनीस म्हणून शिरून विश्वास कमावला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला अर्ध्या सेकंदाची दिरंगाई खटकली, म्हणून अनर्थ टळला.

२३/ अशा घटनांमुळे परिसंस्थेची नाडी मोजण्याचे प्रयत्न वाढले. लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली २०१७ साली सुरू झालेला 'केऑस' हा प्रकल्प त्यांपैकी एक. योगदान देणारे किती, नवे येतात का, तक्रारीला उत्तर किती दिवसांत मिळते, किती माणसे निघून गेली तर काम ठप्प होईल, हे त्यात मोजले जाते. आकडे उपयोगी आहेत, पण अपुरे. शांत दिसणारा प्रकल्प मृत असू शकतो किंवा पूर्ण झालेलाही. एक्सझेडमध्ये तर नव्या माणसाचे येणे हेच संकट होते. म्हणून आकड्यांमागची माणसे पाहावी लागतात.

२४/ गिरगावच्या इतिहासातून चार प्रश्न निघतात. विद्या किती हातांत आहे? जावजी ती शिकून बाहेर पडले होते. उत्पन्नाचे झरे किती? निर्णयसागरला अनेक होते. ठसा कोणाच्या ताब्यात आहे आणि मालक गेल्यास दुसऱ्याला तो उचलता येतो का? डीटीपीच्या फॉन्टांबाबत याचे उत्तर बहुधा 'नाही' असे होते. आणि मजकूर एका साधनातून दुसऱ्यात जसाच्या तसा नेता येतो का? युनिकोडपूर्वी येत नव्हता. या चारही कसोट्यांवर पूर्ण उतरणारी व्यवस्था दुर्मीळच. पण कोणती बाजू लंगडी आहे, हे आधी कळले तर डागडुजीला वेळ मिळतो.

२५/ म्हणून आज एखाद्या वाड्यात, मंडळाच्या कपाटात किंवा बंद पडलेल्या छापखान्यात जुन्या मराठी फाइली असतील, तर त्या ज्या फॉन्टमध्ये जुळवल्या त्याचे नाव आधी नोंदवून ठेवावे आणि मजकूर युनिकोडमध्ये आणावा. रूपांतर करणारी साधने आज आहेत, त्या फॉन्टांची आठवण असणारे ऑपरेटरही आहेत. मोडीच्या बाबतीत ही वेळ निघून गेली आणि आता एकेक पान अभ्यासकांकडून वाचून घ्यावे लागते. १९९०च्या दशकातील मराठी अजून त्या टोकाला पोहोचलेली नाही.

(समाप्त)